शेतकरी कवी वाचायचे कसे

बहिणाबाई चौधरींचं नाहीतर ना. धों. महानोरांचं पुस्तक हौसेनं आणायचं, पान एकपासून सुरू करायचं आणि पंचवीस-तीस पानांवर बुकमार्क अडकून पडायचा, हे माझंही झालंय आणि ज्यांना मी ही पुस्तकं भेट दिली त्यातल्या निम्म्यांचं तरी झालंय. पुस्तक वाईट नसतं, वाचणारा आळशी असतो असंही नाही, आपण ते कादंबरीसारखं ओळीनं वाचत जातो तिथे गडबड होते. चार कविता छान वाटतात, पाचवीला 'हो हो, निसर्ग, माती, कळलं' असं होतं आणि मग संपलं.

मी गेली काही वर्षं जरा वेगळ्या पद्धतीने वाचतोय, ती इथे लिहितो. घाई असेल तर उपयोग नाही, याला एक वर्ष लागतं, खरंच एक वर्ष, कारण सुरुवातच कॅलेंडरपासून आहे.

अनुक्रमणिका उघडा आणि कवितांच्या नावापुढे पेन्सिलने महिना लिहा. 'बहिणाबाईंची गाणी' यासाठी सगळ्यात सोपं पुस्तक, कारण गाण्यांची नावंच कामांची आणि सणांची आहेत: पेरनी, पोया, कापनी, रगडनी, उपननी, गुढी, आखजी. पेरनी मृगाला, म्हणजे ७ जूनच्या आसपास. पोया म्हणजे पोळा, श्रावणी अमावस्या. कापणीच्या गाण्यात तर त्या स्वतःच महिना सांगून टाकतात, मार्गेसर लागला म्हणून, म्हणजे मार्गशीर्ष. आखजी म्हणजे अक्षय तृतीया, खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, तेव्हा शेतात काम नसतं म्हणून हे सगळं जमतं. मग त्या त्या महिन्यात ते ते गाणं वाचायचं, आधी नाही. उपननी मी पहिल्यांदा कॉलेजात वाचलं तेव्हा मला ते मुंजीबद्दल आहे असं वाटलं होतं (उपनयन!), हसू नका, शहरात वाढलेल्या पोराला धान्य वाऱ्यावर धरून भुसा वेगळा करतात हे कुठून माहीत असणार. नंतर एकदा फेब्रुवारीत गावाकडच्या खळ्यावर उभा होतो, पाटी भरून तयार, बाया तयार, आणि वाराच नाही. सगळे नुसते उभे. अर्धा तास कोणी काही करू शकत नाही. तेव्हा कळलं की त्या गाण्यात बहिणाबाई वाऱ्याला 'मारोतीचा बाप' म्हणून का बोलावतात, ते पुराणातलं अलंकारिक वगैरे नाहीये, ती अडलेल्या माणसाने मारलेली हाक आहे, थोडी लाडीगोडी लावून.

इथूनच निसर्गाबद्दलचं मुख्य सूत्र मिळतं, निदान मला तरी मिळालं. शेतकरी कवीचा निसर्ग बघायचा नसतो, त्याच्याबरोबर काम करायचं असतं, आणि त्यामुळे प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: इथे कोणाचे हात काय करतायत? ज्या ओळीत हात सापडतात ती ओळ उघडते.

पावशा पक्ष्याचं उदाहरण घ्या. पावसाच्या तोंडाशी ओरडणारा हा पक्षी. इंग्रजांना त्याच्या आवाजात 'ब्रेन फीवर' ऐकू आलं, डोक्याला ताप. हिंदीत तो 'पी कहाँ' म्हणतो, म्हणजे विरहिणीचा. आणि आपल्याकडे शेतकऱ्याला तोच आवाज 'पेर्ते व्हा' असा ऐकू येतो. पक्षी एकच, सूर तोच. बहिणाबाईंच्या पेरणीच्या गाण्यात हाच 'पेर्ते व्हा रे' येतो आणि तो कामाचा आदेश आहे, सौंदर्य नंतर. जमलं तर जूनमध्ये पहाटे बाहेर जाऊन हा आवाज ऐका, पुण्यात टेकड्यांवरही येतो, आणि मग गाणं वाचा.

दुसरं उदाहरण जरा जवळून बघू. 'बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही'. उलणं म्हणजे बोंड तडकून उघडणं. खान्देश म्हणजे कपाशीचा मुलूख, तिथे बोंड उललं की पांढरं दिसलं पाहिजे, कीड लागलेलं बोंड उलतं पण आत काही नसतं, हाताला नुसती कोरडी टरफलं आणि त्यांची टोकं बोचतात. या गाण्यात पुढे विहीर नाही, पाट नाही त्याला मळा म्हणू नये असंही आहे, 'पाटा येहेरीवाचून त्याले मया म्हनू नही'. शब्दकोश वस्तूचा अर्थ ती कशी दिसते यावरून सांगतो, इथे वस्तू काय करते यावर तिचं नाव ठरतंय, काम केलं नाही तर नाव काढून घेणार. आणि मग त्याच चालीत तोंड, कान, डोळे यांचीही नावं तपासली जातात, हरिनाम नाही तर तोंड कसलं. लोक या गाण्याला भक्तिगीत म्हणून बाजूला ठेवतात, मला ते सरळ तत्त्वज्ञान वाटतं, आणि फार कडक आहे ते.

'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' हे तर सगळ्यांना पाठ असतं. पण ज्याने राखण केलीय त्याला विचारा. ढोर वाईट नसतं, भुकेलं असतं, बहुतेक वेळा आपलंच नाहीतर शेजाऱ्याचं असतं, त्यामुळे ठार मारता येत नाही, नुसतं हाकलायचं, आणि दहा पावलांवर जाऊन ते परत वळतं. मनाला शत्रू मानणारे साधुसंत खूप झाले, त्याला आपल्याच गोठ्यातलं उपाशी जनावर मानणारी बाई मला तरी जास्त पटते.

महानोर मात्र वेगळे वाचायला लागतात. अजिंठ्याजवळचं पळसखेडे, जन्म १९४२, 'रानातल्या कविता' आल्या १९६७ ला, म्हणजे पंचविशीतला शेतकरी पोरगा. त्यांच्या कवितेत हात कमी दिसतात आणि डोळे जास्त, शृंगारही खूप. 'कोणती पुण्ये अशी येती फळाला, जोंधळ्याला चांदणे लखडून जावे'. आता लखडणं हा शब्द झाडाला फळं लगडतात त्याच्या घरचा. कणसात भरायला हवेत दाणे, आणि इथे भरतंय चांदणं. पण त्याआधीची ओळ बघा, पुण्य फळाला येतं तेव्हाच हे होतं, म्हणजे दरवर्षी नाही होत. कोरडवाहू शेती केलेल्या माणसाची ही ओळ आहे, सुकाळाचं आश्चर्य वाटणाऱ्याची. हे लक्षात ठेवलं नाही तर महानोर नुसते गोड लागतात. त्यांच्यासाठी माझी एक सूचना, 'जैत रे जैत' ची गाणी (१९७७ चा सिनेमा) आधी ऐकू नका. मला माहितीये हे बोलणं पाप आहे, पण चाल एकदा डोक्यात बसली की शब्द चालीचे गुलाम होतात, मग कितीही वाचा. पुस्तक आधी, गाणी नंतर, आणि मग 'पानझड', ज्याला २००० साली साहित्य अकादमी मिळालं. तरुणपणीच्या आणि या कवितांमध्ये किती पाणी आटलंय ते एकामागोमाग वाचलं की दिसतं.

मोठ्याने वाचायचं, हे सगळेच सांगतात, पण कसं ते कोणी सांगत नाही. बोटांवर अक्षरं मोजा. 'अरे संसार संसार' आठ अक्षरं, 'जसा तवा चुल्ह्यावर' आठ, 'आधी हाताला चटके' आठ, 'तंव्हा मियते भाकर' आठ. मन वढाय पण तसंच. ही जात्यावरची चाल आहे, जात्याचा खुंटा धरून गोल फिरणाऱ्या हाताची. जातं नसेल तर पोळ्या लाटताना म्हणून बघा, कपडे धुताना म्हणा, पण हात हलते ठेवून म्हणा, खुर्चीत बसून सुधीर फडक्यांच्या थाटात नको.

आणि बोली दुरुस्त करायची नाही. ही लेवा गणबोली, यात ळ चा य होतो, डोळा डोया, मळा मया, मिळते मियते, आणि ण चा न. शाळेत वक्तृत्वाला मला 'मिळते भाकर' असं 'शुद्ध' करून म्हणायला लावलं होतं आणि मी बक्षीसही आणलं. गंमत म्हणजे अक्षरं मोजली तर 'मिळते' केलं तरी आठच भरतात, छंद काही बिघडत नाही, म्हणूनच तर लोक बिनधास्त बदलतात. पण बोलणारं माणूस बदलतं ना. मियते म्हटलं की चुलीपुढची बाई स्वतःच्या भाजलेल्या हाताबद्दल बोलते, मिळते म्हटलं की बाईंचा तास सुरू होतो. वऱ्हाडीतले विठ्ठल वाघ वाचताना पण हेच, 'काया मातीत' म्हणा, तोंडातल्या तोंडात 'काळ्या' करू नका.

आता गावाबद्दल. इथे आपण सगळ्यात जास्त फसतो, कारण आपल्याला गाव गोड हवं असतं. प्रत्येक कवितेत बघा की कोण कोणाशी बोलतंय आणि कोण गप्प आहे. बहिणाबाईंचं मोटेवरचं गाणं घ्या, विहिरीत दोन मोटा पण पाणी एक, दोन बैल पण ओढ एक, आणि शेवटाकडे 'मोट हाकलतो एक, जीव पोसतो कितीक'. सामूहिक जगण्यावर याहून कमी शब्दांत कोणी काही लिहिलं असेल तर मला सांगा. पण ज्या बाईने हे म्हटलं तिनेच माणसाला मतलबी म्हटलंय, माणसापेक्षा गोठ्यातलं जनावर बरं म्हटलंय, तिशीच्या आसपास वैधव्य आलं होतं, पदरात तीन मुलं, भाऊबंदकी काय असते ते तिला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. दोन्ही गाणी एकाच दिवशी वाचा.

मग लगेच इंद्रजित भालेराव वाचा, परभणीचे, त्यांचा 'पीकपाणी' हा संग्रह १९८९ चा. त्यांची कुणब्याच्या पोराला लढायला शिक म्हणणारी कविता आंदोलनांत म्हटली जाते, तिच्यात गाव आहे तेच पण आता ते हिशेब मागतंय. आणि जरा मागे जाऊन अरणचे सावता माळी, तेराव्या शतकातले, ज्यांनी 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' म्हणत पंढरपूरला न जाता मळ्यातच विठोबा बघितला. मोट, नाडा, विहीर, दोरी हे सगळं त्यांच्या अभंगात पंढरीनं व्यापलेलं आहे. अरणहून पंढरपूर काही लांब नाही बरं का, तरी नाही गेले, काम सोडून कशाला जायचं. आजही विठ्ठलाची पालखी पंढरपुरातून अरणला जाते, उलटी वारी. हे तीन जण शेजारी ठेवले की शेतकरी कवी म्हणजे एकच काहीतरी साधंभोळं हा समज गळून पडतो. एक प्रश्न मात्र तिघांनाही विचारा, ज्याच्याकडे जमीनच नाही तो सालगडी, ती मजूर बाई कुठे आहे? कधी सापडते, बऱ्याचदा सापडत नाही. सापडत नाही तिथे पेन्सिलने समासात खूण करा, नंतर दलित कविता वाचताना ती खूण कामाला येते.

सगळ्यात शेवटी ठेवायचा विषय म्हणजे कागद, लिहिलेला शब्द. मला स्वतःला हाच सगळ्यात जास्त ओढतो.

आपल्यासाठी कागद म्हणजे पुस्तक, त्या काळच्या शेतकऱ्यासाठी कागद म्हणजे कर्जाचा रोखा, ज्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचता यायचं नाही आणि खाली त्याचा अंगठा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, त्यांना वह्या आणि रोखे हवे होते, ते मिळवून त्यांनी जाळले, मग हे लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं, १८७९ ला सरकारला कायदा करावा लागला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी नेमकं लिहिलेलंच जाळलं, याचा विचार करा. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच पार्श्वभूमीवर, आणि त्यातलं ते विद्येविना मती गेली, शेवटी वित्ताविना शूद्र खचले, हे आपण फळ्यावर सुविचार म्हणून वाचतो पण ती कर्जाच्या कागदाची साखळी आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८०, असोद्याला. अक्षरओळख नाही. आणि या न वाचणाऱ्या बाईच्या गाण्यांत लिहिणं-वाचणं किती वेळा येतं ते शोधायचं, हा सगळ्यात मजेचा अभ्यास आहे. जळगावच्या छापखान्यावर त्यांचं गाणं आहे, त्यात त्या म्हणतात की कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र येडाच राहतो. यंत्राचं कौतुक पण आहे आणि टोमणा पण. मग ज्योतिषाला त्या दारात येऊ नको म्हणून सांगतात, 'माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ', तळहाताच्या रेघांना त्या नुसत्या रेघोट्या म्हणतात, म्हणजे हे एक वाचन त्या चक्क नाकारतात. आणि मग ती ओळ, 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली', कुंकू पुसलं आणि रेखा उघडी पडली. कपाळावरचं लिहिलेलं कुंकवाखाली झाकलेलं होतं. इथे मी दरवेळी थांबतो. चौथं, 'माझी माय सरसोती, माले शिकवते बोली', विद्येची देवी त्यांना लिपी नाही शिकवत, बोली शिकवते, आणि मनात गुपितं पेरते. पेरते! लिहीत नाही.

हे सगळं कागदावर आलं ते त्यांचा मुलगा, कवी सोपानदेव यांच्यामुळे आणि घरातल्यांनी वेळोवेळी टिपून ठेवल्यामुळे. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी हे बावनकशी सोनं आहे म्हणून उचलून धरलं, १९५२ ला पुस्तक आलं. म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांनी कधी बघितलंच नाही. जे टिपलं गेलं नाही ते गेलं. म्हणून वाचताना लक्षात ठेवा की आपल्या हातात आहे ते कोणीतरी ऐकत असताना जेवढं धरता आलं तेवढं.

महानोरांच्या 'वही' या १९७० च्या संग्रहाबद्दल माझा वर्षानुवर्षं गोड गैरसमज होता, मला वाटायचं कवीची वही, नोटबुक. वही हा खान्देशाकडचा रात्र रात्र गाण्याचा लोकगीताचा प्रकार आहे, वहीगायन. म्हणजे मी ज्याला कागद समजत होतो तो गळा निघाला. देहूच्या तुकोबांनी स्वतःला कुणबी केलं म्हणून देवाचे आभार मानले आणि शब्दांची रत्नं घरी आहेत म्हणाले, त्यांच्या वह्यांची इंद्रायणीची गोष्ट तर सगळ्यांना माहीतच आहे, ती या विषयात परत एकदा आठवून बघा.

वर्ष संपत आलं की एक काम स्वतः करा. घरातल्या म्हाताऱ्या बाईकडून एकतरी ओवी लिहून घ्या. आधी नमुने ऐकायचे असतील तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखावर ओव्या जमल्यात, त्यातल्या बऱ्याच 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या वेबसाइटवर आहेत, काही आवाजासकट. घरी विचारताना 'कविता म्हण' किंवा 'लोकगीत येतं का' असं विचारू नका, उत्तर 'छे, मला काही येत नाही' असंच येणार, 'दळताना काय म्हणायचात' असं विचारा. हाताला काम द्या, शेंगा, लसूण, काहीही. रेकॉर्ड करतोय हे सांगा पण मोबाईल नाकासमोर धरू नका. लिहिताना ऐकू आलं तसं लिहा, आणि खाली गाव, महिना, आणि कुठल्या कामाला म्हणायचे हे लिहा, नाव लिहायचं की नाही ते त्यांना विचारा.

मी मावशीकडून घेतली होती, जामनेरकडची आहे ती, सत्तरीच्या पुढे. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, चार ओव्या म्हणाली, मी घरी येऊन नीट टाइप केल्या, प्रिंट काढली, पुढच्या वेळी नेऊन वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकलं, कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाली, "असं नही रे भाऊ ते." मी रेकॉर्डिंग लावलं, तिचाच आवाज, तिचेच शब्द. तर म्हणे, "हां, त्या दिवशी तसं म्हटलं असंन," आणि दुसरी ओळ आधी घेऊन, मध्ये माझं नाव घालून परत म्हणाली. आता माझ्याकडे दोन्ही आहेत, तारखेसकट.